कासेखालचा पहिला आठवडा

सावंतवाडीच्या पुढे, गोव्याच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एका घराने चालवलेला लहानसा वराहफार्म आहे. पाऊस नुकता लागला होता, पत्र्यावर त्याचा एकसुरी आवाज चालू होता आणि मी विण्याच्या कप्प्यात उकिडवी बसून दोन दिवसांच्या पिल्लांना प्रोबायोटिकची पेस्ट पाजत होते. एक पिल्लू उचलायचं, छातीखालून डाव्या हाताचा आधार द्यायचा, अंगठ्याने जबड्याचा कोपरा हलकेच उघडायचा आणि जिभेच्या मागच्या बाजूला एक मिली सोडायचं. गिळल्याची खात्री झाली की पाठीवर रंगाचा ठिपका देऊन टोपलीत. शेजारच्या कप्प्यातली पिल्लं आठवड्याभराची झाली होती. त्यांतलं एक आईच्या ताज्या शेणात नाक खुपसून निवांत चघळत होतं. घरचा नातू झाडू घेऊन धावला, त्याने पिल्लाला हाकललं, पिल्लू कप्प्याला वळसा घालून पुन्हा तिथेच आलं. त्याने पुन्हा हाकललं. दारात कोंड्याचं घमेलं घेऊन त्याची आजी उभी होती. ती म्हणाली, "खाव दी रे तेका. आवशीचाच मा ता." खाऊ दे, आईचंच ना ते, एवढंच म्हणून ती आपल्या कामाला लागली.

मी काहीच बोलले नाही, पुढचं पिल्लू उचललं. पण त्या दिवसापासून ते दृश्य डोक्यातून जात नाही. माझ्या हातातल्या पंपात जंतू होते. थंड डब्यातून जपून आणलेले, चांगले पैसे मोजून घेतलेले, पिल्लाच्या आतड्यात वस्तीला जावेत म्हणून तोंडात घातलेले. आणि चार हातांवर दुसरं पिल्लू स्वतःच्या आईकडून तेच घ्यायला निघालं होतं, तर आम्ही त्याला झाडूने मागे सारत होतो.

मी मूळची गाई-म्हशींची डॉक्टर. डुकरांकडे वळले ती कामाच्या ओघात, आणि मनात अढी घेऊनच. आजोळ गोव्यातल्या बार्देशातलं. तिथे जुन्या घरांच्या परसात संडासाखाली डुकरं असायची, त्या वाटेने जाताना आई आमचा हात घट्ट धरायची आणि पावलं उचलायला लावायची. जेवताना त्या प्राण्याचं नाव काढायचं नाही हा नियम घरात होता. दुसऱ्या बाजूला देवळाच्या भिंतीवर दशावतारातला वराह होता, सुळ्यांवर पृथ्वी तोललेला, आणि त्याला आम्ही हात जोडत होतो. या दोन्ही गोष्टी एकाच वयात मनात गेल्या आणि वर्षानुवर्षं एकमेकींना न भेटता राहिल्या. पहिल्यांदा डुकरीण विताना रात्रभर शेजारी बसले तेव्हा त्या अढीचं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. शेडमध्ये कोंबट, आंबूस वास होता. पिल्लं एकामागून एक येत होती, ओली, निसरडी, सव्वा-दीड किलोच्या आतबाहेरची, आणि नाळ ओढत, धडपडत, कोणी दाखवलेलं नसताना थेट कासेकडे निघत होती. गाईचं वासरू उभं राहायला वेळ घेतं, पडतं, आई चाटत राहते. डुकरीण आपल्या पिल्लाला चाटत नाही. ती आडवी पडून राहते आणि पिल्लाला स्वतःलाच तिच्यापर्यंत पोचावं लागतं.

ते पोचणं बघण्यासारखं असतं.

पहिल्या काही दिवसांत पिल्लं सड वाटून घेतात. पुढच्या पायांकडच्या सडांना दूध जास्त, म्हणून तिथे मारामारी जास्त. मग एकदा जागा ठरली की प्रत्येक पिल्लू दूध तुटेपर्यंत आपापल्या सडाला धरून राहतं. डुकरिणीच्या कासेत गाईसारखी दूध साठवायची जागा जवळजवळ नसतेच. ती तासाभराने, कधी त्याच्याही आधी, कुशीवर वळते आणि घुरघुर सुरू करते. आधी संथ, अंतर ठेवून. पिल्लं झोपेतून उठून येतात, नाकाने कास रगडायला लागतात. घुरघुरीची लय वाढत जाते, आणि एका क्षणी सगळी पिल्लं एकदम स्तब्ध होतात, कान मागे, जीभ सडाभोवती गुंडाळलेली, गळे भराभर हलताहेत. दूध सुटलं. दहा ते वीस सेकंद, बस्स. मग पुन्हा रगडणं, पुन्हा झोप. जे पिल्लू त्या वीस सेकंदांत सडावर नव्हतं, त्याला पुढच्या हाकेपर्यंत उपाशी राहावं लागतं. अशा दोन-तीन वेळा हुकल्या की ते गार पडायला लागतं, कारण अंगावर लव नावाला आणि कातडीखाली चरबीही नाही. गार पडलेलं पिल्लू आईच्या पोटाशी ऊब शोधत जातं आणि तिच्याच अंगाखाली सापडतं. पिल्लू दगावलं की लोक विचारतात, रोग कुठला? पुष्कळदा रोग नसतो, त्याच्या वाट्याचे वीस सेकंद हुकलेले असतात.

शिवाय हे पिल्लू जन्माला येतं ते अगदी निःशस्त्र. डुकरिणीची वार अशी असते की आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं पोटातल्या पिल्लापर्यंत पोचत नाहीत. जे मिळायचं ते चिकातून, आणि तेही पहिल्या दिवसभरात. नंतर आतड्याची ती दारं बंद होतात. आपल्याकडे चीक म्हटलं की खरवस आठवतो, वेलची-केशर घातलेला. मला आता खरवसाची वाटी हातात घेताना ते बंद होत जाणारं दार आठवतं. म्हणून मी विण्याच्या रात्री पहिल्यांदा काय बघते, तर प्रत्येक पिल्लाचं पोट गोल झालंय का. पेस्ट, पावडर, इंजेक्शन हे सगळं त्यानंतर.

आणि तरीही हगवण येते. पांढरी किंवा पिवळसर, पातळ, आंबट घाण वासाची. आधी शेपटी ओली दिसते, मग मागच्या पायांवरची लव चिकटते, कुशी आत जातात, डोळे खोल, आणि एरवी ओळीने झोपणारी पिल्लं एकावर एक रास करून कुडकुडत पडतात. यामागे अनेकदा ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जंतू असतो. त्याचे काही प्रकार बारीक केसांसारख्या धाग्यांनी आतड्याच्या भिंतीला चिकटून बसतात आणि विष सोडतात. त्या विषाने आतडं उलटं वागायला लागतं, अंगातलं पाणी शोषून घेण्याऐवजी बाहेर ओतायला लागतं. सव्वा किलोच्या जिवात पाणी असून असून किती असणार? सकाळी खेळणारं पिल्लू रात्री गेलेलं मी पाहिलंय. एका पावसाळ्यात एका शेतकऱ्याच्या एका वेताची बहुतेक पिल्लं अशी गेली, आणि तो माणूस उरलेल्या दोघांना शर्टाच्या आत धरून चुलीपाशी बसला होता. त्याने ती कर्ज काढून घेतलेल्या डुकरिणीची पिल्लं म्हणून धरली होती की नुसती पिल्लं म्हणून, हे मी तेव्हा मनातल्या मनात विचारलं होतं. आता असा प्रश्न मी करत नाही. दोन्ही खरं असतं.

हगवणीवर पूर्वी सोपा उपाय होता. पिल्लू दिसलं की अँटिबायोटिक. आजारी असो नसो, तोंडात एक पंप. त्यात कोलिस्टिन फार चालायचं, स्वस्त आणि हातखंडा. मग २०१५च्या नोव्हेंबरात चीनमधून बातमी आली की डुकरांतल्या ई. कोलायमध्ये कोलिस्टिनला दाद न देणारं एक जनुक सापडलंय, आणि ते एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकतं. माणसांच्या अतिदक्षता विभागात सगळी औषधं हरल्यावर जे शेवटचं उरतं, ते हेच कोलिस्टिन. आपल्या सरकारने जुलै २०१९मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि त्यांच्या खाद्यात ते वापरायला बंदी घातली. युरोपने तर वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक मिसळणं १ जानेवारी २००६पासूनच थांबवलं होतं, आणि २०२२मध्ये हगवणीसाठी दिलं जाणारं भरमसाट झिंक ऑक्साइडही बंद केलं. मला ही बंदी मनापासून पटते. पण बंदीचा कागद आणि हातात ओलं, गार पिल्लू यांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाला काहीतरी द्यावं लागतं. 'स्वच्छता ठेवा' एवढं सांगून घरी येता येत नाही. त्या रिकाम्या जागेत प्रोबायोटिक आलं.

मला या औषधाची (औषध म्हणणं चूक आहे, पण शेडमध्ये सगळे तेच म्हणतात) एक जुनी गोष्ट फार आवडते. १९१७ साल, पहिलं महायुद्ध. सैनिक हगवणीने बेजार होते, आणि जर्मनीत फ्रायबुर्गच्या आल्फ्रेड निसल या डॉक्टरला एक सैनिक असा भेटला की आजूबाजूचे आजारी पडत असताना तो मात्र ठणठणीत होता. निसलने त्याच्या विष्ठेतून एक जंतू वेगळा काढला. तो ई. कोलायच निघाला. ज्या कुळातला जंतू पिल्लांना मारतो, त्याच कुळातला हा राखणदार. निसलचं नाव लावलेला तो जंतू शंभर वर्षांनंतरही औषध म्हणून विकला जातो. पिल्लाच्या आतड्याकडे मी त्यानंतर रणांगण म्हणून पाहणं सोडलं. ती एक वस्ती आहे, आणि तिथे आधी कोण येऊन राहतो त्यावर नंतर येणाऱ्याचं काय होणार हे बरंचसं ठरतं. लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दूध आंबवणारे जंतू, लवकर स्थिरावले तर ते दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. नवजात पिल्लाच्या जठरात स्वतःचं आम्ल जेमतेम असतं, त्यामुळे हे उसनं आम्ल त्याच्या फार कामाचं. भिंतीवरच्या जागा भरतात, अन्नात वाटेकरी होतात. मागाहून येणाऱ्या वाईट ई. कोलायला मग सहजी पाय रोवता येत नाहीत.

हे झालं कागदावरचं. शेडमध्ये ते नेहमी असंच घडतं असं मी म्हणणार नाही. एका फार्मवर पेस्टने हगवण दिसण्याइतकी कमी होते, दुसऱ्या ठिकाणी तीच पेस्ट पाजून काही फरक पडत नाही. जंतूची जात, त्याचं प्रमाण, पहिला डोस कधी दिला, कप्पा कोरडा आहे का, आईला ताप आहे का, यांतलं काहीही आडवं येतं. एका डोसात अब्जाच्या हिशेबात जिवंत जंतू असावे लागतात, आणि जिवंत या शब्दावर आपल्याकडच्या वैशाखाचा भारी जोर चालतो. बंद गाडीच्या काचेमागे तापलेली लॅक्टोबॅसिलसची पुडी म्हणजे नुसतं पीठ. बॅसिलस हा दुसरा जंतू बीजाणूंच्या, म्हणजे कवचात झोपलेल्या जंतूंच्या, रूपात असतो, तो उन्हातान्हात टिकतो, म्हणून लांबच्या वाडीवर मी तोच नेते. कोणी कढत पाण्यात पावडर कालवतं, कोणी टाकीत क्लोरीन घातलेल्या दिवशीच पाजतं, कोणी सकाळी प्रोबायोटिक आणि संध्याकाळी अँटिबायोटिक देऊन दोन्हींचा खर्च करतं. दुकानदार सांगत नाही, डब्यावर बारीक अक्षरांत असतं, आणि ते वाचायला शेतकऱ्याकडे वेळ आणि चष्मा दोन्ही नसतात. म्हणून मी डब्याच्या झाकणावर मार्करने मोठ्या मराठी अक्षरांत लिहून देते: कोमट पाणी, सावली, औषधाबरोबर नको.

पुष्कळजण विचारतात, ताक का नाही चालणार? प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्या पोटाला ताक मानवतं, वासराला पाजतात, मग पिल्लाला का नाही? नुकसान सहसा होत नाही. पण बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत यावर एक सुंदर काम झालंय. तिथल्या संशोधकांनी डुकराच्याच शरीरातून मिळवलेला पेडियोकॉकस कुळातला जंतू आणि दुधातला लॅक्टोबॅसिलस, असे दोन्ही डुकराच्या पिल्लांना खाऊ घालून पाहिले. डुकराचा स्वतःचा जंतू उजवा ठरला. हे वाचलं तेव्हा मला कोंड्याचं घमेलं घेतलेल्या त्या आजी आठवल्या. आवशीचाच.

खरं तर पिल्लू आईचं शेण खातं हे पशुवैद्यकाला नवं नाही. आम्हीच त्याच्याकडे 'घाणेरडी सवय' म्हणून बघत आलो. इंग्लंडमध्ये १९८१ साली कुणीतरी चिकाटीने ते मोजलं: दूध पिणारं पिल्लू दिवसाला सुमारे २० ग्रॅम आईची विष्ठा खातं. आणि मोजलं होतं ते जंतूंसाठी नव्हे, लोहासाठी. डुकराचं पिल्लू जन्मतं तेव्हा अंगात जेमतेम ५० मिलिग्रॅम लोह असतं, वाढीला रोज सातेक लागतं, आणि आईच्या दुधातून मिळतं फक्त एक. उरलेलं त्याने कुठून आणायचं? रानात माती असते, आणि शेण सगळीकडेच असतं. सिमेंटच्या कोब्यावर माती नाही, शेण आम्ही दिवसातून दोनदा धुतो, म्हणून तिसऱ्या दिवशी मानेत लोहाचं इंजेक्शन द्यावं लागतं. आधी काढून घ्यायचं आणि मग सुईने परत करायचं. मी ही सुई दरवेळी देते, तिच्याशिवाय पिल्लं पांढरीफटक पडतात. पण ती कशाच्या बदल्यात देतोय हे माहीत असलेलं बरं.

आता कोणी म्हणेल, मग शेण पडू द्या की तसंच. तेही नाही. त्याच शेणात जंतांची अंडी असतात, क्लॉस्ट्रिडियमसारखा घातक जंतू असतो. ओल्या कोपऱ्यात कोक्सिडिया हा आतड्यातला परजीवी वाढतो आणि आठव्या-दहाव्या दिवशी पिल्लं पिवळं हगायला लागतात, जे कुठल्याच पेस्टला जुमानत नाही. गोव्याकडचं काळं गावठी डुक्कर, जे 'अगोंडा गोवन' म्हणून देशी जातींच्या यादीत नोंदलं गेलंय, ते माडाच्या मुळाशी, भाताच्या खाचरात उकरत वाढलं. त्याच्या पिल्लाला आईबरोबर उघडं आकाशही मिळत होतं, ऊन होतं, पांगायला जागा होती. दहा बाय सहाच्या कप्प्यात आईबरोबर आईचं सगळं साचतं, भलं आणि बुरं. म्हणजे झाडू घेऊन धावणारा तो मुलगाही चुकत नव्हता. शाळेत, घरात, टीव्हीवर, आणि माझ्याही तोंडून त्याने एकच ऐकलं होतं, स्वच्छ ठेव.

मला यातून दिसलेली वाट आईवरून जाते. ग्रीसमध्ये एका फार्मवर बॅसिलसचे बीजाणू पिल्लांना न पाजता डुकरिणींच्या खाद्यात मिसळले होते, विण्याच्या आधीपासून दूध तुटेपर्यंत. पिल्लांमधली हगवण आणि मरतूक दोन्ही कमी झाली. मागोवा घेतला तर सरळ आहे: आईच्या आतड्यात चांगली वस्ती झाली, तीच तिच्या शेणात, तीच कासेवर आणि गवताच्या बिछान्यावर, आणि पिल्लाचं पहिलं नाक, पहिली जीभ लागते ती तिथेच. एका आईच्या पाटीत मूठभर पावडर पडली की दहा पिल्लांना धरायची, त्यांना किंचाळायला लावायची, आईला उठवायची गरज राहत नाही. आणि आई उठली की काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला यातली सुटका कळेल. घाबरून उभी राहिलेली दीडशे-दोनशे किलोची डुकरीण परत बसते तेव्हा खाली कोण आहे ते बघत नाही.

म्हणून सावंतवाडीजवळच्या त्या घरी आता पद्धत बदलली आहे. विण्याच्या दोन-तीन आठवडे आधी डुकरिणीला जंताचं औषध, मग तिला आंघोळ घालून, कास धुऊन, कोरड्या कप्प्यात आणायचं, आणि तेव्हापासून बॅसिलस रोज तिच्या भरड्यात. हॉटेलचं खरकटं विण्याच्या आसपास पूर्ण बंद, कारण आईचं पोट बिघडलं की पिल्लांचं बिघडायला वेळ लागत नाही. पेस्टचा पंप अजून आहे, पण तो सगळ्यांसाठी नाही. जी पिल्लं लहान जन्मली, ज्यांना मागचा सड मिळाला, जी चिकाला उशिरा पोचली किंवा पिल्लं जास्त झाली म्हणून दुसऱ्या डुकरिणीखाली घातली, त्यांना पहिल्या दिवशी आणि मग हगवणीच्या दिवसांत. त्यांना धरताना माझा हात अजूनही हळू होतो. छाती इतकी लहान असते की तिचे ठोके सगळ्या तळव्याला लागतात.

एक प्रश्न मात्र आमच्यात मिटलेला नाही. घरच्या मुलाला, म्हणजे आजींच्या लेकाला, शेड वाढवायची आहे. गोव्यात चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि सोरपोतेल (त्याच मांसाचं आंबट-तिखट कालवण) यांसाठी मागणी बारमाही आहे, बँकेचा माणूस येऊन गेलाय, आणि आराखड्यात विण्याच्या कप्प्यांना प्लॅस्टिकच्या फटींची जमीन आहे. शेण-मूत खाली पडून जाणार, पिल्लं कोरडी राहणार, झाडूचं काम संपणार. कोकणातल्या पावसात कोरडी जमीन ही काही लहान गोष्ट नाही, आणि मी त्याला नको म्हणू शकत नाही. पण फटीतून सगळंच खाली जातं. मी त्याच्या नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढून दिली आहे: तिसरा हिस्सा सलग कोबा, आईच्या मागच्या बाजूला, तिथे थोडं गवत आणि एका पसरट पाटीत आमच्याकडची तांबडी माती. जुन्या पुस्तकांत पिल्लांना मातीचं ढेकूळ द्या असं असायचंच. सुई आपण देऊच, मी त्याला म्हटलं, पण हेही राहू दे. तो म्हणतो, एवढ्याने कप्प्यामागे खर्च वाढतो आणि धुणंही वाढतं. हिशेब त्याचा बरोबर आहे. आम्ही दोन्ही तऱ्हेचे दोन-दोन कप्पे बांधायचे आणि पुढच्या पावसाळ्यातली हगवण वहीत लिहून काढायची, एवढ्यावर आलो आहोत. वही आजींचा नातू ठेवणार आहे.